व्हायरसची रचना समजायची असेल तर आधी त्याचं आवरण बघा

प्रश्न बीएस्सी पहिल्या वर्षाच्या एका पोट्ट्याचा आहे, इथलाच, नागपूरचा. त्याने तीन गोष्टी विचारल्या. व्हायरसमध्ये नेमकं काय काय असतं, त्याला जिवंत म्हणायचं की निर्जीव, आणि सॅनिटायझरने व्हायरस मरतो म्हणतात तर मग उलट्या-जुलाबाच्या साथीत डॉक्टर लोक साबणानेच हात धुवा असं काहून सांगतात. मी व्हायरॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं घालवलेली बाई आहे, त्यामुळे उत्तर लॅबच्या बाजूने येईल आणि लांबेल, चहा घेऊन बस.

तिसरा प्रश्न तुला किरकोळ वाटला असेल म्हणून शेवटी टाकलास, पण माझ्या मते रचना तिथूनच समजते. पुस्तकात तीन भाग दिलेले असतात. मधे न्यूक्लिक ॲसिड, म्हणजे डीएनए किंवा आरएनए, त्याभोवती प्रोटीनचं कवच म्हणजे कॅप्सिड, आणि काही व्हायरसवर त्याच्याही बाहेर चरबीचं आवरण म्हणजे एन्व्हलप. हे 'काही व्हायरसवर' वालं वाक्य सगळे वाचतात अन् पुढे जातात. आमच्याकडे मात्र नवीन व्हायरसचं नाव आलं की पहिला सवाल तोच असतो, आवरण आहे का नाही? कारण तो पसरणार कसा, शरीराबाहेर किती टिकणार, कशाने नष्ट होणार, सॅम्पल किती जपून न्यायचं, यातल्या बऱ्याच गोष्टींचा अंदाज त्या एका उत्तरावरून येतो.

आधी साइज सांगते कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ असतो. व्हायरस नॅनोमीटरमध्ये मोजतात, एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. पोलिओचा कण साधारण ३० नॅनोमीटर, डेंग्यू ५०, कोरोना १०० च्या आसपास, देवीच्या कुळातले २०० ते ३५० पर्यंत जातात. कॉलेजच्या लॅबमधला साधा मायक्रोस्कोप २०० नॅनोमीटरच्या खाली काही वेगळं दाखवू शकत नाही, लेन्स कितीही भारी लावा, कारण आपल्याला दिसणारा उजेडच ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे. त्यामुळे व्हायरस आहे हे आधी कळलं आणि तो दिसला कितीतरी नंतर. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या चिनीमातीच्या फिल्टरमधून गाळला, तरी गाळलेल्या रसाने निरोगी झाडाला रोग लागला. १८९८ मध्ये बायजेरिंकने तेच परत करून हा बॅक्टेरियापेक्षा वेगळाच प्रकार आहे असं ठामपणे मांडलं. प्रत्यक्ष फोटो मिळायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला, म्हणजे १९३९ उजाडलं. आणि 'फिल्टरमधून जातो तो व्हायरस' ही जुनी व्याख्या आता पाठ करू नको, कारण अमिबामध्ये राहणारा मिमिव्हायरस एवढा मोठा निघाला की सुरुवातीला लोक त्याला बॅक्टेरियाच समजून बसले होते, २००३ मध्ये कळलं की हा व्हायरस आहे.

आता मधला भाग. आपल्या पेशीत डीएनए आणि आरएनए दोन्ही असतात, व्हायरसच्या कणात जीनोम म्हणून, म्हणजे आनुवंशिक माहितीचा संच म्हणून, दोन्हीपैकी एकच. पण तो एक किती प्रकारचा असू शकतो बघ. एकपदरी डीएनए, दुपदरी डीएनए, एकपदरी आरएनए, दुपदरी आरएनए, कधी सलग एक धागा तर कधी तुकडे. इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच्या व्हायरसचे ८ तुकडे असतात, रोटाव्हायरसचे ११. १९७१ मध्ये डेव्हिड बाल्टिमोरने याची एक वर्गवारी मांडली, आता ती ७ गटांची झाली आहे, आणि तिचं सूत्र एकदम साधं आहे, जीनोम कोणताही असो, व्हायरसला शेवटी मेसेंजर आरएनए बनवावाच लागतो. कारण प्रोटीन बनवणारे रायबोसोम व्हायरसकडे नाहीत, ते पेशीचे वापरायचे, आणि पेशीचे रायबोसोम फक्त मेसेंजर आरएनए वाचतात. मग प्रत्येक गट तिथपर्यंत कोणत्या रस्त्याने पोचतो एवढंच बघायचं. गट पाठ करण्यापेक्षा रस्ता काढायला शीक, परीक्षेतही तेच कामी येते.

इथे एक गोष्ट मला भल्ली आवडते म्हणून थोडं थांबते. पोलिओ, डेंग्यू, कोरोना यांचा आरएनए पॉझिटिव्ह असतो, म्हणजे तोच सरळ मेसेंजर म्हणून वाचला जातो. लॅबमध्ये या व्हायरसचा नुसता शुद्ध आरएनए, ना कवच ना आवरण, पेशीत सोडला तरी पेशी नवीन व्हायरस बनवायला लागते. उलट रेबीज, गोवर, इन्फ्लुएन्झा यांचा आरएनए निगेटिव्ह, म्हणजे उलटा, रायबोसोमला त्यातलं काही वाचता येत नाही. आणि आरएनएवरून आरएनए कॉपी करणारं, व्हायरसच्या कामाचं एन्झाइम आपल्या पेशीत नसतं. म्हणून असा व्हायरस स्वतःचं ते एन्झाइम, म्हणजे पॉलिमरेज, कणाच्या आत सोबत घेऊनच येतो, ते काढून घेतलं की त्याचा नुसता आरएनए पेशीत टाकून काहीच होत नाही. म्हणजे कणाच्या आत काय भरलेलं आहे हे जीनोमच्या दिशेवरून ठरते. हे समजलं की एचआयव्ही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, सोबत काहून बाळगतो तेही आपोआप समजेल.

यातलं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या घरचंच आहे बाप्पा, चांदीपुरा व्हायरस. १९६५ मध्ये नागपूरकडे डेंग्यू-चिकुनगुनियाच्या तापाची साथ होती, तेव्हा चांदीपुरा इथल्या दोन ताप आलेल्या पेशंटच्या रक्तातून पुण्याच्या संस्थेने, जिला आज आपण एनआयव्ही म्हणतो, हा नवीनच व्हायरस वेगळा काढला आणि गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. रेबीजच्याच कुळातला, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला सपाट, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. निगेटिव्ह आरएनए, सुमारे ११ हजार न्यूक्लिओटाइड म्हणजे त्या धाग्याच्या कड्या, आणि त्यावर फक्त ५ प्रोटीनची माहिती. एन हे प्रोटीन आरएनएला पूर्ण लांबीभर लपेटून स्प्रिंगच्या वळणात ठेवते, एल म्हणजे ते सोबत आणलेलं पॉलिमरेज, पी त्याचा मदतनीस, एम आवरणाच्या आतल्या बाजूने चिकटून आकार सांभाळते आणि जी बाहेर काट्यांसारखं उभं असते. बस, संपला व्हायरस. एवढ्याशा सामानावर २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान लेकरांचे जीव घेतले, ताप आल्यापासून एक-दोन दिवसात लेकरू कोमात जाते. रचना साधी म्हणून आजार सौम्य, असा हिशोब व्हायरसमध्ये चालत नाही.

कॅप्सिडकडे येते. कवच एकाच किंवा मोजक्याच प्रकारच्या प्रोटीनच्या पुष्कळ कॉपी जोडून बनते, त्यामागे कंजूषपणा आहे. जीनोम एवढासा, त्यात मोठ्या कवचासाठी शंभर वेगवेगळी प्रोटीन लिहायला जागाच नाही, म्हणून एकच लिहा आणि पुन्हा पुन्हा वापरा. हा तर्क वॉटसन आणि क्रिक यांनी १९५६ मध्येच मांडला होता, हो, डीएनएवालेच दोघे. असे तुकडे जोडून बंद डबा करायचा तर सोयीचे आकार दोनच निघतात. एक २० त्रिकोणी बाजू आणि १२ टोकं असलेला आयकोसाहेड्रल, जो दुरून गोल दिसतो, पोलिओ, रोटा, ॲडेनो सगळे यातले, पोलिओत चार प्रोटीनच्या प्रत्येकी ६० कॉपी. दुसरा हेलिकल, धाग्याभोवती फिरत जाणारा, त्याचा नमुना म्हणजे तंबाखूचा टीएमव्ही, ३०० नॅनोमीटर लांब, १८ जाड, त्यात एकाच प्रोटीनच्या सुमारे २१३० कॉपी. १९५५ मध्ये फ्रँकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स यांनी टीएमव्हीचं प्रोटीन वेगळं केलं, आरएनए वेगळा केला, आणि दोन्ही परत एका नळीत मिसळले तर कण आपोआप जुळून आले आणि झाडाला रोगही लागला. कोणी जोडायला लागत नाही, माहिती त्या प्रोटीनच्या आकारातच आहे. बॅक्टेरियावर जगणारे फेज व्हायरस, डोकं-शेपटी-पाय वाले, ते तिसऱ्या गुंतागुंतीच्या प्रकारात टाकतात, देवीचा व्हायरसही त्यातच, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

आणि आता आवरण. हे व्हायरसचं स्वतःचं नसतेच, आपल्या पेशीचं असते. नवीन बनलेलं कॅप्सिड पेशीतून बाहेर पडताना पेशीच्या पडद्याचा तुकडा अंगावर ओढून घेऊन निघते, चांदीपुरा आणि इन्फ्लुएन्झा बाहेरच्या पडद्यातून, कोरोना आणि डेंग्यू पेशीच्या आतल्या पडद्यांमधून. म्हणजे चरबी आपली आणि त्यात खोवलेले काटे, म्हणजे स्पाइक, व्हायरसचे. फॉस्फोलिपिडचा दुहेरी थर, तुझ्या-माझ्या पेशीवर आहे तसाच. आणि चरबीच असल्यामुळे तिचं जे व्हायचं ते होते, सावजीच्या भांड्यावरची तर्री नुसत्या पाण्याने हलत नाही पण साबण लागला की सुटते, तसंच साबणाचे रेणू या थरात घुसतात आणि तो फाडतात. आवरण फाटलं की स्पाइक गेले, स्पाइक गेले की पेशीला चिकटायचं साधनच गेलं, आतला आरएनए शाबूत असला तरी तो कण कामाचा राहत नाही. ६० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोलही हेच करते, वरून प्रोटीनही बिघडवते. लोक शुद्ध १०० टक्के मागतात, जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं असं वाटते, पण प्रोटीन बिघडवायला थोडं पाणी लागतेच, शिवाय ते शुद्धवालं हातावरून लगेच उडून जाते.

आता जुलाबाचे व्हायरस घे, रोटा, नोरो, शिवाय पोलिओ आणि काविळीचे हेपटायटिस ए आणि ई. विष्ठेत यांच्यापैकी कोणाच्याच अंगावर चरबी नसते. उघडं प्रोटीनचं कवच, घट्ट बसलेलं, पोटातलं ॲसिड आणि पित्त सहन करून आतड्यापर्यंत जाणारं. त्याच्यापुढे अल्कोहोल बहुतेक वेळा कमजोर पडते, नोरोवर तर फारच. मग साबण तरी काय करतो? तो यांना फाडत नाही, कातडीवरून सोडवतो आणि वाहत्या पाण्यासोबत नालीत पाठवतो. म्हणून डॉक्टर साबण म्हणतात, आणि म्हणून नळाखाली नीट चोळून धुवायचं, बादलीत बोटं बुडवून काही होत नाही. फरशीवर उलटी झाली असेल तर तिथे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तेच खरं काम करते.

पसरण्याचे रस्तेही यातूनच निघतात. उघड्या कवचाचा व्हायरस विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून तोंडात असा लांबचा प्रवास करू शकतो. पावसाळ्यात पिण्याच्या पाईपात गटारीचं पाणी शिरलं की वस्तीच्या वस्ती काविळीने आजारी पडते, ते बहुतेक वेळा हेपटायटिस ई असते, आणि गरोदर बाईला तो फार वाईट जातो, शेवटच्या तीन महिन्यांत तर जिवावर बेततो, तेव्हा घरात कोणी पोटुशी असेल तर त्या दिवसांत पाणी उकळल्याशिवाय देऊच नये. पोलिओची लस तोंडाने दोन थेंब देता येते त्याचं एक कारण हेच कवच. आवरणवाले मात्र सुकले की खराब होतात, म्हणून ते असे रस्ते शोधतात जिथे सुकायची वेळच येत नाही. रक्तातून रक्तात, चावा, शरीरसंबंध, खोकल्याचे ओले थेंब. डेंग्यूने तर मधे डास ठेवलाय, चांदीपुराने सॅण्डफ्लाय, म्हणजे ती मातीच्या भिंतीच्या भेगांमधे राहणारी बारकी वाळूमाशी.

नियमाला अपवाद आहेतच, नाहीतर पेपर सेट करणाऱ्यांनी काय विचारलं असतं. हेपटायटिस बी ला आवरण आहे तरी सुकलेल्या रक्तात तो आठवडाभर टिकतो, म्हणून न्हाव्याच्या वस्तऱ्याची आणि वापरलेल्या सुईची एवढी काळजी. देवीच्या कुळातलेही आवरण असून सुकलेल्या खपल्यांमधे पुष्कळ टिकतात. आणि आवरण आहे म्हणजे कमजोर म्हणजे कमी धोक्याचा असं तर चुकूनही समजू नको, एचआयव्ही, इबोला, रेबीज सगळे आवरणवाले. रेबीजवरून आठवलं, कुत्रा चावला की पहिलं काम जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुणे, मिरची-हळद-चुना काही भरायचं नाही. त्यामागेही चरबीचं आवरण हे एक कारण आहे, आणि धुतल्याने जखमेतले कण कमी होतात हे दुसरं. मग लगेच इंजेक्शनला जायचंच, धुणं हा त्याला पर्याय नाही.

स्पाइकचं काम म्हणजे बरोबर पेशी ओळखणे. कोरोनाचा स्पाइक पेशीवरच्या एसीई२ या प्रोटीनला चिकटतो, एचआयव्हीचा सीडी४ या प्रोटीनला, त्यामुळे कोणता व्हायरस कोणत्या अवयवात शिरणार हे बरंचसं इथे ठरते. आवरण नसेल तर हे काम कॅप्सिडचा पृष्ठभागच करतो. घरी कुत्रा असेल तर पार्व्हो ऐकलाच असशील, पिल्लांना रक्ताचे जुलाब करतो तो. तो मांजरांच्या एका व्हायरसच्या जवळचा नातेवाईक आहे, त्याच्या कवचावरची मोजकी अमिनो ॲसिड बदलली, तो कुत्र्याच्या पेशीला चिकटायला लागला, १९७८ मध्ये नजरेस आला आणि दोन वर्षांत जगभर झाला. उघडं कवच असल्यामुळे तो अंगणात महिनोन् महिने टिकतो, पिल्लू गेलं की नवीन पिल्लू लगेच त्याच जागी आणू नका असं व्हेट सांगतात ते त्याच्यासाठी.

अँटिबायोटिकचं तू विचारलं नाहीस पण घरोघरी तोच घोळ आहे म्हणून सांगते. अँटिबायोटिक बॅक्टेरियाची भिंत, त्याचे रायबोसोम, त्याची एन्झाइम यावर मार करते, आणि व्हायरसकडे ना भिंत ना रायबोसोम, मग मारणार कशाला? पेशंटचा स्वॅब आम्ही ज्या गुलाबी पाण्यात टाकून आणतो, व्हीटीएम म्हणतात त्याला, त्यात मुद्दाम अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध घातलेलं असते, रस्त्यात बॅक्टेरिया वाढू नये आणि व्हायरस मात्र जसाच्या तसा पोचावा म्हणून. सर्दी-तापाला स्वतःच्या मनाने ॲझिथ्रोमायसिन घेणाऱ्याला मी हेच उदाहरण देते. व्हायरसवरची औषधं वेगळी, ती त्याच्या स्वतःच्या सामानावर नेम धरतात. ओसेल्टामिव्हिर फ्लूच्या न्यूरामिनिडेज या एन्झाइमला अडवते, तर ॲसायक्लोव्हिर हर्पिसच्याच एन्झाइमने चालू होऊन त्याची डीएनए कॉपी बंद पाडते. त्यामुळे एका व्हायरसचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

जिवंत की निर्जीव. परीक्षेत 'सजीव-निर्जीव यांच्या सीमेवर' लिही, मार्क मिळतील. मला विचारशील तर प्रश्न थोडा चुकीच्या जागी विचारला जातो. बाहेर पडलेला कण, त्याला व्हिरिऑन म्हणतात, तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही, १९३५ मध्ये स्टॅन्लीने टीएमव्हीचे चक्क स्फटिक केले आणि तरी त्यांनी रोग लागत होता. २००२ मध्ये विमरच्या टीमने अमेरिकेत पोलिओचा जीनोम केमिकलपासून जुळवून त्यातून रोगकारक व्हायरस मिळवला. पण तोच कण पेशीत शिरला की सुटा होतो, काही तास पेशी फोडून बघितली तरी एकही अखंड कण सापडत नाही, आणि मग एकदम शेकडो-हजारो बाहेर येतात. सुटे भाग वेगवेगळे बनवून शेवटी जोडायचे, बॅक्टेरियासारखं एकाचे दोन करायचे नाहीत, हा माझ्या दृष्टीने व्हायरसचा सगळ्यात मोठा विशेष, साइजपेक्षाही मोठा. मी व्हिरिऑनला निर्जीव म्हणते आणि व्हायरस लागलेल्या पेशीला जिवंत. आमच्या लॅबमध्ये या मतावरून डब्याच्या वेळी भांडणं होतात, होऊ दे.

कॉपी करताना आरएनए व्हायरस चुका फार करतात, कारण त्यांचं पॉलिमरेज बहुतेक तपासून बघत नाही, साधारण दहा हजार ते एक लाख न्यूक्लिओटाइडमागे एखादी चूक. कोरोनाकडे चूक सुधारणारं एन्झाइम आहे, म्हणूनच तो ३० हजार न्यूक्लिओटाइडचा एवढा लांब आरएनए सांभाळू शकतो. फ्लूचे आठ तुकडे असल्यामुळे दोन प्रकारचे फ्लू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते, १९५७, १९६८ आणि २००९ च्या साथींचे व्हायरस असेच बनले होते. पण मग कोणी म्हणेल, गोवरही आरएनएवालाच, त्याची लस १९६३ पासून काहून चालून राहिली? चुका त्याच्याही होतात, पण त्याच्या वरच्या प्रोटीनचा ज्या भागाला अँटिबॉडी पकडतात तोच भाग पेशीला चिकटायलाही लागतो, तिथे बदल झाला की व्हायरसच निकामी होतो. इथेही शेवटी रचनाच आडवी येते.

टेस्टचा रिपोर्ट वाचायलाही हे सगळं लागते. पीसीआर फक्त जीनोमचा तुकडा शोधते, अख्खा कण आहे का याच्याशी तिला देणंघेणं नाही, त्यामुळे बरा झालेला माणूस काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि तरी कोणाला देत नाही. कोरोनाची रॅपिड टेस्ट आतलं न्यूक्लिओकॅप्सिड प्रोटीन शोधते. आणि डेंग्यूचं एनएस१, जे रिपोर्टवर बघून लोक 'व्हायरस सापडला' म्हणतात, ते कणात नसतेच, व्हायरस लागलेली पेशी ते रक्तात सोडते, म्हणून तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ते जास्त चांगलं सापडते. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून कोरोनाची आरटी-पीसीआर करायची पद्धत काढली, त्यात आरएनए काढायची महागडी किटच लागत नाही, एका खास बफरमध्ये ठेवून गरम केलं की कण फुटतो आणि आरएनए मोकळा होतो. ही युक्ती बसते कारण फोडायचं आहे ते एक नाजूक आवरण आणि त्याच्या आतलं प्रोटीन. सॅम्पल जपायचं म्हणशील तर आवरणवाल्याला बर्फावर न्या, लांबणार असेल तर उणे ८० मध्ये, घरच्या फ्रीझरमध्ये ठेव-काढ ठेव-काढ केलं की तो गेला. मे महिन्यात लाइट गेली की आमचा जीव त्या डीप फ्रीझरमध्येच अडकलेला असतो.

आता वनस्पतींचं थोडं, कारण नागपुरात बसून संत्र्याच्या व्हायरसबद्दल बोललं नाही तर कसं. सिट्रस ट्रिस्टेझा व्हायरस, लांब लवचिक धागा, सुमारे २००० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम ११-१२ जाड, आवरण नाही. झाडाच्या पेशीला सेल्युलोजची जाड भिंत असते, तिला बाहेरून चिकटून आत जाताच येत नाही, म्हणून वनस्पतींच्या बहुतेक व्हायरसला स्पाइक किंवा आवरणाचा उपयोग नाही, त्यांना कोणीतरी भिंत फोडून आत सोडावं लागते. ट्रिस्टेझासाठी ते काम मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारकी कीड, करतो, आणि रोगट झाडाचा डोळा घेऊन कलम बांधणारा माणूस करतो. काटोल-वरुडकडच्या शेतकऱ्याने म्हणून तपासलेल्या मातृवृक्षाचीच कलमं घ्यावी, स्वस्त मिळते म्हणून कुठलीही रोपं उचलू नये. संत्र्याच्या ग्रीनिंग रोगालाही काही लोक व्हायरसचा म्हणतात, तो बॅक्टेरियाचा आहे.

संत्र्यातच आणखी एक प्रकार सापडतो जो तुझ्या सिलॅबसमध्ये एका ओळीत असेल, व्हायरॉइड. १९७१ मध्ये डिनर नावाच्या शास्त्रज्ञाने बटाट्यात दाखवला होता. हा नुसता गोल आरएनए, ३००-४०० न्यूक्लिओटाइडचा, ना कॅप्सिड ना आवरण, आणि एकाही प्रोटीनची माहिती त्यात नाही. संत्रावर्गातला एक्सोकॉर्टिसचा व्हायरॉइड रंगपूर लाइमच्या खुंटाची साल सोलून काढतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर छाटणीच्या कात्रीने जातो. त्याच्यावर फाडायला आवरण नाही, बिघडवायला प्रोटीन नाही, म्हणून पातं स्पिरिटने पुसून किंवा आचेवर धरून त्याचा भरवसा नाही. नर्सरीत दोन झाडांच्या मधे कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवायची आणि मग साध्या पाण्याने धुवायची, नाहीतर पातं गंजते.